पांढरा म्हणजे मरण, वीस मार्क

अमेरिका मी पाहिलेली नाही, पण तिथले रंग मला तोंडपाठ आहेत. पांढरा म्हणजे मरण. पिवळा म्हणजे ऱ्हास. हिरवा म्हणजे आशा, आणि पानावर जागा उरली तर मत्सर. लाल म्हणजे वासना किंवा धोका, प्रश्न किती मार्कांचा आहे त्यावर अवलंबून. निळा म्हणजे उदासी. हा तक्ता मी दोन हजार दोन साली गोंदियाच्या एका कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या वर्गात बसून उतरवून घेतला. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. घर बदललं, गाव बदललं, पण वही टाकवली नाही, कारण माझं जे काही बरं झालं ते तिच्यामुळे झालं.

एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला अमेरिकन साहित्याचा शंभर मार्कांचा पेपर होता. त्यात आठ कथा होत्या, जुन्या आणि नावाजलेल्या. आम्ही वर्गात अकरा जण, आणि अकरा जणांत मिळून त्या आठांपैकी एकही कथा कोणाकडे नव्हती. सगळ्यांकडे गाइड होतं. गाइडात प्रत्येक कथेचा सारांश दीड पान आणि त्याखाली चौकटीत त्या कथेतले रंग व त्यांचे अर्थ, दोन पानं. माणसांपेक्षा रंगांना जास्त जागा होती. अमेरिकेतले लेखक आधी रंग ठरवतात आणि मग त्यात माणसं भरतात, असं माझं बरेच दिवस मत होतं.

आमचे सर भले गृहस्थ होते. वेळेवर यायचे, कोणाला टाकून बोलायचे नाहीत, परीक्षेच्या आधी सगळ्यांना महत्त्वाचे प्रश्न सांगायचे. शिकवायचे हिंदीत आणि लिहून द्यायचे इंग्रजीत. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला बजावलं, “देखो, ओरिजिनल मत पढ़ना. कन्फ्यूज हो जाओगे. पेपर गाइड से आता है, चेक भी गाइड से होता है. बीच में स्टोरी का क्या काम?”

ह्यात खोटं काही नव्हतं. आम्हीही निमूटपणे लिहून घेत होतो. माझ्या शेजारच्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं. चार दिवसांनी ती वर्गात आली तेव्हा तिच्या कानामागची हळद अजून गेली नव्हती, आणि ती मान खाली घालून वहीत लिहीत होती, पिवळा म्हणजे सडणं, रोग आणि शेवट. निळ्याचंही तसंच. गोंदियाला लागून असलेल्या आमच्या मुर्री गावात एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक निघते तेव्हा आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी होते. निळे झेंडे, निळे फेटे, निळ्या साड्या, आणि बायकांसकट सगळे जण घामाघूम होईपर्यंत नाचतात. मीही नाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन लिहायचे की निळा म्हणजे खोल उदासी.

मला हे सगळं चालणार होतं. मला पास व्हायचं होतं. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे, आणि एम.ए. म्हणजे नक्की किती, हे त्यांना मी तीनदा समजावून सांगितलं होतं. सौंदडहून एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा होता, नोकरीत होता, फक्त एवढंच म्हणाला होता की लग्नानंतर शिकायची गरज काय. मला कॉलेजात शिकवायचं होतं. कोणाला सांगायची सोय नव्हती, पण खडू हातात धरून फळ्यासमोर उभी असलेली मी मला रोज दिसायची. बाबांनी मध्यम मार्ग काढला. म्हणाले, “पास झाली त तुया मनासारखं. नापास झाली त सौंदड.” मी कबूल केलं. आमच्या घरात शब्द दिला की तो फिरवत नाहीत.

आई दिवसा दुसऱ्यांच्या भाताच्या बांध्यांत रोवणीला नाहीतर कापणीला जायची. संध्याकाळी सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसायची, आणि मी तिच्यासमोर बसून मोठ्याने पाठ करायची. एकदा ती म्हणाली, रोज रोज तेच म्हणते, त्याच्यात हाय तरी काय, मराठीत सांग. म्हणून मी गाइडातली सहाव्या नंबरची कथा तिला सांगितली. बर्फाचा मुलूख. माळावर एकच घर. त्यात एक बाप आणि त्याची एकुलती एक मुलगी. बाप गोठ्याला लाल रंग देतो. मुलगी अख्खा हिवाळा खिडकीशी बसून एक पांढरा झगा शिवते. मग एका सकाळी तो झगा घालून ती घराबाहेर पडते आणि बर्फातून चालत निघून जाते. संपलं.

आईने खडे निवडायचं थांबवलं नाही. “गोठ्याले लाल रंग कायले देल्ला?”

“लाल म्हणजे धोका. पुढं काहीतरी वाईट होणार हाय, त्याची खूण.”

“लाकडाचा होता का गोठा?”

“असन.”

“मंग लाकूड सडू नये म्हणून देल्ला असन. आपण दरवाज्याले नाही देत का.” मग तिने विचारलं, “आन् पोरगी कुठं गेली?”

“मेली.”

“कशानं?”

“बर्फात. पांढरा म्हणजे मरण.”

आता तिने सूप खाली ठेवलं. “हिवाळाभर बसून शिवला ना तिनं झगा? मराले कोणी नवं कापड शिवते का? लग्नाले जाऊन राहिली असन.”

मी हसले. मग हसायची थांबले. आम्ही बौद्ध. आमच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते आणि नवराही पांढऱ्या कपड्यांत असतो. माझ्या मावश्या, आत्या, चुलत बहिणी, सगळ्यांची लग्नं मी पांढऱ्या साडीत पाहिली होती. आईची स्वतःची पांढरी साडी लोखंडी पेटीत तळाशी होती. आणि एवढं सगळं डोळ्यांसमोर असून पांढऱ्या कपड्यातली पोरगी नवरी असू शकते, हे मला सुचलं नव्हतं. दीड वर्षाच्या एम.ए.ने एवढं काम चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेले. आमच्या लायब्ररीत एक काचेचं कपाट होतं, त्यावर ‘पुस्तके घरी मिळणार नाहीत’ असा कागद चिकटवलेला. घरी न्यायचा प्रश्नच नव्हता, कारण कपाटाला कुलूप होतं. ग्रंथपाल बाईंना मी अमेरिकन कथांचं जाड पुस्तक काचेतून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, “कायले पाहिजे?” मी म्हटलं, वाचायला. किल्ली सापडायला दोन दिवस लागले. पुस्तक हातात आलं तेव्हा त्यातली काही पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती, छापखान्यातून आली तशी. ती मी बाईंकडून पट्टी मागून घेऊन फाडली.

सहाव्या नंबरची कथा तिथे होती. बाप होता, गोठा होता, झगा होता. मुलगी बर्फातून चालायला लागली आणि परिच्छेद संपला. त्याखाली तीन चांदण्या छापल्या होत्या, आणि पानाचा उरलेला भाग कोरा. गाइड लिहिणारा माणूस इथेच थांबला असणार. पान कोरं दिसलं, कथा संपली, हिरोईन मेली. पण ग्रंथपाल बाईंचा डबा खाऊन व्हायचा होता, मला कोणी उठवत नव्हतं, म्हणून मी पान उलटलं.

पुढे आणखी दोन पानं होती. मुलगी माळापलीकडच्या घरी पोचते. दारात एक म्हातारी बाई खाली बसून तिच्या झग्याच्या काठाचं बर्फ हाताने झटकते. आत पाद्री चुलीपाशी पाय शेकत बसलाय. एक तरुण मुलगा केस ओले करून, भांग पाडून उभा आहे आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नाहीये. मग बाप येतो, त्याच्या नखांत लाल रंग अजून तसाच. गोठ्याला रंग दिला होता कारण संध्याकाळची पंगत तिथे बसायची होती. लग्न लागतं. सगळे त्याच बर्फातून परत चालत जातात, आणि कथा खरोखरची संपते.

मी पुस्तक मिटलं. राग आला होता आणि हसूही येत होतं. किती वर्षांपासून किती पोरापोरींनी त्या मुलीला बर्फात मारलं होतं कोण जाणे, आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी नाही तरी पास होण्याइतके मार्क मिळाले होते. मी त्या शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स काढून आणली. घरी जाऊन आईला सांगितलं की तू म्हणत होतीस तसंच आहे, लग्नच होतं. ती म्हणाली, “मंग?” तिच्यासाठी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “बेटा, गाइड में क्या लिखा है?” मी म्हटलं, सर, हिंदी सिनेमातही चर्चमधली नवरी पांढऱ्या झग्यातच असते की. सर म्हणाले, “पिक्चर अलग, सिलॅबस अलग.” त्यांना तास संपवून सव्वाचारची गाडी गाठायची होती, म्हणून मी झेरॉक्स दप्तरातून काढली नाही. ते माझं चुकलं.

उन्हाळी परीक्षेत प्रश्न आला तो नेमका तोच. सहाव्या कथेतल्या पांढऱ्या रंगाचं महत्त्व सांगा, वीस मार्क. माझा स्वभाव वाकड्यात शिरणारा आहे. आजूबाजूला दहा जण खाली मान घालून त्या पोरीला गारठवत होते आणि मी तिचं लग्न लावत होते. पांढरा हा इथे आनंदाचा, कष्टाने शिवलेल्या आनंदाचा रंग आहे, असं मी लिहिलं. शेवटची दोन पानं वाचल्याशिवाय हे समजत नाही, असंही लिहिलं. ते वाक्य लिहायला नको होतं. पेपर तपासणाऱ्याला कोणी असं सांगत नाही.

निकाल लागला तेव्हा चार पेपर सुटले होते आणि अमेरिकन साहित्यात पस्तीस मार्क होते. पासिंगला चाळीस लागायचे. फेरतपासणीचा अर्ज भरला, महिनाभर वाट पाहिली, उत्तर आलं, बदल नाही. सरांना वाईट वाटलं. त्यांनी विचारलं की काय लिहिलंस, मी सांगितलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “तूने उसको ज़िंदा रखा?” ते म्हणाले. जणू तिला तिच्या नशिबावर सोडायची आज्ञा होती आणि मी मध्येच तोंड घातलं होतं.

घरी बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, हिवाळी परीक्षा असते ना, तीही दिलेल्या शब्दातच धरू, तेवढी दे, तिचा निकाल लागेपर्यंत सौंदडवाले थांबतील. पाच मार्कांसाठी सगळं तिथे येऊन अडकलं होतं.

आई दरवर्षी दिवाळीच्या आधी पेटी उघडून कपड्यांना ऊन दाखवायची. त्या वर्षी तिने तिची लग्नातली पांढरी साडी बाहेर काढली, झटकली आणि दोरीवर टाकायच्या आधी एकदा माझ्या खांद्यावर धरून पाहिली. काही मनात ठेवून केलं असेल असं नाही, हात आपोआप गेला असेल. साडी घड्यांवर पिवळी पडली होती. गाइडाप्रमाणे ऱ्हास. पण पेटीत वीस-पंचवीस वर्षं ठेवलेलं पांढरं कापड पिवळं पडतं, याला अर्थ लागत नाही. मी मात्र त्या वेळी घाबरले. सौंदडचं घर, सौंदडचं स्टेशन, तिथल्या बांध्या, आणि आयुष्यभर फळ्यासमोर दुसरंच कोणीतरी. त्या दिवशी गाइड लिहिणाऱ्याला मी मनातून मानलं. पांढरा म्हणजे मरण, हे त्याने कथेसाठी चुकीचं लिहिलं होतं, माझ्यासाठी बरोबर.

हिवाळी परीक्षेत परत तोच प्रश्न आला. पेपर काढणाऱ्यांना रंगांचा कंटाळा येत नाही. मी क्षणभर पेन हातात धरून बसले आणि मग त्या मुलीला मारायला घेतलं. नीट मारलं, घाईगर्दी केली नाही. आधी तिची बोटं बधिर केली, मग पाय, मग तिला वाट चुकवली. आकाश पांढरं, जमीन पांढरी, झगा पांढरा, आणि मधे ती, जिचं आता कोणी उरलं नाही. लाल गोठा मागे दिसत होता, म्हणजे धोका. शेवटी एका फांदीवर कावळा आणून बसवला, मुळात नसलेला, कारण काळ्याचे दोन मार्क वेगळे मिळतात. पुरवणी घेतली. पेपर दिल्यावर बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं आणि सायकलने सरळ घरी आले.

अठ्ठावन्न मार्क मिळाले. बाबांनी मिलमध्ये पेढे वाटले. सौंदडवाल्यांना निरोप गेला. तो मुलगा पुढे चांगल्या घरी पडला, त्याचं सगळं छान चाललं आहे, त्याच्यावर माझा काही राग नाही. त्या संध्याकाळी मी आईसमोर बसले होते आणि तिच्या पुढ्यात नेहमीचं सूप होतं. तिने विचारलं, “या वेळी काय लिवलं मंग त्या पोरीचं?”

“मेली म्हणून लिवलं.”

“लग्न झालं होतं ना तिचं?”

“झालं होतं वं. पण तसं लिवलं त मार्क भेटत नाही.”

आईने सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, “पास व्हाले तूनं तिले मारलं?”

तिच्या आवाजात दोष नव्हता, तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. मी उठून पाणी प्यायला गेले.

पुढच्या परीक्षा झाल्या, मुलाखती झाल्या, आणि काही वर्षांनी मी सडक अर्जुनीच्या एका कॉलेजात फळ्यासमोर उभी राहिले. समोर महामार्ग. रायपूरकडे जाणारा ट्रक हॉर्न वाजवत गेला की माझं एक वाक्य तिथेच विरायचं. मधल्या काळात मीही पांढरी साडी नेसले, माझ्या वेळेला आणि माझ्या पसंतीने, आणि मेले नाही. आई महिन्यातले आठ-पंधरा दिवस माझ्याकडे येऊन राहायची. अभ्यासक्रम दोनदा बदलला. सात कथा गेल्या, नवीन आल्या, पण सहाव्या नंबरची ती कथा कोणाला हलवता आली नाही. तिच्यावर प्रश्न काढणं सोपं होतं.

मी काय शिकवलं असेल, ते तुम्ही ओळखलं असणार. मी तक्ता लिहून दिला. ज्यांच्या घरी वर्षाअखेरीला स्थळं येऊन बसणार आहेत अशा पोरी समोर असताना त्यांना खरं सांगून नापास करण्याची माझी छाती नव्हती. तक्ता झाला की मी झेरॉक्सही वाचून दाखवायची, आणि पोरी खूश होऊन ऐकायच्या. मग त्यातली एखादी विचारायची, “मॅडम, परीक्षेत काय लिहू?” आणि मी म्हणायची, “परीक्षेत मेली.” दोन्ही सांगितलं की आपलं काम झालं, अशी मी माझी समजूत घातली होती. आई मात्र दरवर्षी तो धडा झाला की विचारायची, “यंदा बी मारली का?”

मग एका उन्हाळ्यात मला विद्यापीठाच्या मूल्यांकन केंद्रावर पेपर तपासायला बोलावलं. लांबलचक हॉल, पत्र्याचे कूलर, प्रत्येक टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तपासणाऱ्यांनी लाल पेन वापरायचा. आमच्यावर एक मॉडरेटर, म्हणजे आमचे मार्क बरोबर आहेत की नाहीत ते बघणारा. त्याने हिरवा पेन वापरायचा. मी मान वर करून पाहिलं तर हिरव्या पेनवाले आमचे सरच होते. केस पार पांढरे झाले होते, त्याचा अर्थ मी लावला नाही. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मला बघून त्यांना आनंद झाला. “मेरी स्टूडेंट है,” असं त्यांनी हॉलमध्ये चार जणांना सांगितलं.

प्रत्येकाला उत्तराचा नमुना दिलेला होता, आणि त्यात पांढरा म्हणजे मरण. मी तपासायला लागले. पहिली मेली. दुसरी मेली. तिसऱ्या पेपरात ती मेली आणि नंतर बापाने तिला लाल गोठ्यात पुरलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तिला इतक्या वेळा मेलेलं पाहिलं की मला काही वाटेनासं झालं. दुपारी एक पेपर हाती आला. अक्षर वाकडंतिकडं, इंग्रजी मोडकं, क्रियापदं कुठेही. लिहिलं होतं की ही मुलगी मरत नाही, ती लग्नाला चालली आहे, बापाने गोठा पंगतीसाठी रंगवला, आणि हे पुढच्या पानावर आहे. कोणत्या गावची, कोणत्या कॉलेजची, पोरगी की पोरगा, काही कळायला मार्ग नव्हता, मी पोरगीच धरली. कोणीतरी कुठेतरी पान उलटलं होतं.

बाकीच्या प्रश्नांत तिला जेमतेम मार्क होते. या वीसांवर तिचं पास-नापास होतं. नमुन्याप्रमाणे दोन द्यायचे. मी इकडेतिकडे पाहिलं, आणि लाल पेनाने पंधरा लिहिले.

गठ्ठा सरांकडे गेला. दहा मिनिटांनी त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. तो पेपर त्यांच्यासमोर उघडा होता आणि हिरव्या पेनाचं टोपण काढलेलं होतं. “तूने फिर उसको ज़िंदा कर दिया,” ते म्हणाले.

या वेळी मी दप्तर उघडलं. झेरॉक्स नऊ-दहा वर्षांत घड्यांवर फाटायला आली होती. ती मी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, सर, आज गाडी नाही ना. त्यांनी चष्मा बदलला. ओळीखाली बोट ठेवून वाचत गेले, म्हातारीपाशी थांबले, पाद्रीपाशी थांबले. त्यांचा चहा आला आणि निवला. मी उभीच होते. मला वाटलं होतं की या क्षणी मला फार बरं वाटेल. तसं वाटलं नाही. तीस-बत्तीस वर्षं शिकवलेली कथा माणूस पहिल्यांदा वाचतोय, हे बघवत नव्हतं.

“शादी हो गई इसकी,” शेवटी ते म्हणाले.

“हो सर.”

“ये पन्ना कहाँ था?”

“उलटल्यावर होता, सर.”

त्यांनी झेरॉक्स घडी घालून मला परत दिली. पंधराच्या शेजारी हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. मी विचारलं, आणि नमुन्याचं काय, तो बदलायला सांगायचा का? त्यांनी हॉलभर पसरलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. “बाकी सब में तो वो मर चुकी है. अब क्या करें,” ते म्हणाले, आणि पुढचा पेपर ओढला. त्यात ती मेली होती. त्यालाही त्यांनी हिरवी खूण केली. मी माझ्या टेबलावर येऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या सगळ्या मेलेल्यांना मार्क देत राहिले.

आठवड्याने घरी परतले तेव्हा आई आलेली होती. ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. आता तिला खडे दिसायचे नाहीत, बोटांनी चाचपून काढायची. मी तिला सगळं सांगितलं, सर कसे वाचत बसले, चहा कसा निवला, आणि त्या अनोळखी पोरीचा पेपर कसा सुटला. पंधरा मार्क मी दिले हे जरा जास्तच ठासून सांगितलं. तिने कौतुक करावं, अशी माझी अपेक्षा होती.

“मंग मले किती देल्ले?” तिने विचारलं.

“तुले कायचे?”

“माहंच उत्तर होय ना ते. मीच सांगतलं होतं तुले, लग्नाले जाऊन राहिली म्हणून.”

मी म्हणाले, “मंग तुले बी पंधराच.”

“कितीतले?”

“वीसातले.”

आईच्या बोटांना एक खडा लागला. तो तिने अंगणात टाकला आणि हात पुन्हा तांदळात घातला.

“पाच कायले काटले?” ती म्हणाली.